घाटीखालच्या कदम सिस्टर

कदम सिस्टर माणसांना नावाने हाक मारत नसत. माणूस जन्माला कसा आला, तेच त्याचं नाव. सावर्ड्याच्या भर बाजारात, मिशीला पीळ देणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याला त्या खुशाल "ए पायाळू, थांब जरा" म्हणायच्या, आणि तो हातातली पिशवी खाली ठेवून थांबायचा. एक सातमाशा होता. सातव्या महिन्यात तळहातावर मावेल एवढा आला होता म्हणे. आता तो मुंबईत माथाडी कामगार होता आणि दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं. गळ्याभोवती नाळेचे वेढे घेऊन आलेला तो नाळ्या. आईला फार ताटकळवलं तो उशिऱ्या. गावातल्या निम्म्या माणसांना अशी दोन नावं होती, एक शाळेच्या दाखल्यावरचं आणि एक सिस्टरांनी ठेवलेलं. मी हायस्कुलातल्या नोकरीपायी बाहेरून आलेला. माझा जन्म त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून मी नुसता 'सर'. त्याचं मला कधी कधी वाईट वाटायचं.

सिस्टर घाटीखालच्या बौद्धवाडीतल्या. आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांत गेली. खांद्याला लसींची पेटी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चालायला लागल्या की पुरुषांनाही गाठता येत नसे. एकदा पोलिओच्या डोसांसाठी मी त्यांच्याबरोबर वरच्या धनगरवाड्यावर गेलो होतो. अर्ध्या चढावर मी काहीतरी विचारलं. त्या उत्तरच देईनात. मला वाटलं, रागावल्या. माथ्यावर पोचल्यावर पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "हां, आता विचारा. चढावर बोलायचं नाय, सर. चढाला आपला सगळा श्वास लागतो. त्यातला लोकांना कशाला वाटायचा?"

दुसरी त्यांची रीत बसण्याची. एखाद्या घरात अडलेल्या पोरीला इस्पितळात न्यायला सासू तयार नसली, तर सिस्टर वाद घालत नसत. "बरं, मी बसते," म्हणायच्या आणि अंगणात बसायच्या. चहा विचारला तर नको, पाणी तेवढं घ्यायच्या. ऊन आलं की सावलीत सरकायच्या. होता होता घरातलीच माणसं आपसात भांडायला लागायची, आणि संध्याकाळच्या आत पोरगी इस्पितळात असायची. "भांडलं की माणूस दार लावतो," त्या सांगायच्या. "बसलं की त्याला दार लावता येत नाय."

वरच्या वाडीतल्या एका घराचा किस्सा त्या हसत हसत सांगत. नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. त्या घरच्या म्हातारीने सिस्टरांना हाताला धरून थेट माजघरात नेलं. सून सुटली, पोरगा झाला. हाच तो पायाळू. सगळं आवरून, हात धुऊन सिस्टर ओटीवर टेकायला गेल्या, तर चहा आला तो कान तुटलेल्या कपात, आणि कप ठेवला अंगणाच्या पायरीवर.

"रक्ताच्या हातांना कोण जात विचारत नाय, सर. हात धुतले की विचारतात."

"मग? प्यालात तो चहा?"

"प्याले की! जागरण झालेलं मला. पण कप धुतला नाय. तसाच ठेवला." आणि लगेच, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाचं होतं असं, "बरं, त्या पायाळूचा मुलगा तुमच्याकडे आहे ना? गणितात कसा काय?"

निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी गाडी घेतली, तेव्हा गावाला महिनाभर दुसरा विषय नव्हता. या वयात बाईने घरावर स्लॅब टाकावा, सोनं करावं, गाडी कसली? त्या म्हणाल्या, "पायांनी पुष्कळ केलं. आता त्यांना बसवते."

गाडी साधी घेऊन चाललंच नसतं. माझ्या घराजवळच्या, रस्त्याखालच्या मोरीपासून सिमेंटची एक अरुंद पट्टी डोंगराच्या कुशीतून खाली वाडीत उतरते. तीच घाटी. दोन वळणं आहेत, दोन्ही पाठमोरी वळवणारी. एका अंगाला कापलेला जांभा, दुसऱ्या अंगाला पऱ्या, पावसाळी ओढा. पावसाळ्यात त्या पट्टीवर असं शेवाळ धरतं की माणसं हात पसरून चालतात. मृग लागला की रिक्षावाले खाली यायचे बंद. सगळ्या वाड्यांचे रस्ते झाल्यावर शेवटी बौद्धवाडीचा रस्ता झाला, आणि जी जागा कुणालाच नको होती तिथून तो नेला. अशा चढावर पुढची दोन चाकं ओढणारी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहते. म्हणून सिस्टरांनी शोधून शोधून चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो अशी गाडी घेतली. वाडी तिला 'फोर बाय फोर' म्हणायची, पोरं नुसतंच 'फोरबाय'.

चालवायला शिकतानाही चढ लागला की त्यांचे ओठ मिटलेले. शिकवणारा विचारायचा, "बाई, घाबरलात काय?" त्याला उत्तर माथ्यावर मिळायचं.

दोन पावसाळे त्या गाडीने वाडी तोलून धरली. बाळंतपणं, ताप, विंचू चावलेली पोरं, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुली, सगळं वर आलं ते फोरबायमधून.

त्यांचे यजमान यशवंतराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत गेली. ते तिकडे, सिस्टर इकडे. "आमचा सगळा संसार मे महिन्याच्या रजेतला," सिस्टर म्हणायच्या. "सगळे मे महिने एकापुढे एक मांडले तरी एक पोर शाळेत घालण्याएवढंही वय भरणार नाय." दोघं निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच एका छपराखाली राहायला लागली. आणि दुसऱ्याच वर्षी, होळीच्या सुमारास, सकाळी चूळ भरताना अण्णांच्या हातातून तांब्या पडला. उजवी बाजू गेली. फोरबायने त्यांना सावर्ड्याजवळच्या इस्पितळात वेळेत पोचवलं, म्हणून जीव वाचला. हात, पाय आणि बोलणं मात्र तिन्ही अडकली. व्यायाम करून घेणारी डॉक्टर मुलगी म्हणाली, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत, सिस्टर. जे परत यायचं ते बहुतेक यातच येतं. आठवड्यातून तीनदा आणा. खाडा नको."

खाडा झाला नाही. अण्णांना ती सहलच वाटायची. पुढच्या सीटवर बसून डाव्या हाताने काच खाली करायचे आणि मोरीपाशी गाडी आली की मला हात दाखवायचे. परत आलेला पहिला शब्द होता, "चला". त्यांना हो म्हणायचं असलं तरी 'चला', नको म्हणायचं असलं तरी 'चला', फक्त सूर वेगळा. वैशाखात एक दिवस सिस्टर गाडी थांबवून माझ्या पडवीत धावत आल्या. "सर, आज बोटं मिटली! चेंडू धरला त्यांनी. सुटला लगेच, पण धरला." त्या बाईला मी इतकी हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमाराला गाडीच्या मागून गुणगुण यायला लागली. कुणी तोंड मिटून गावं तशी. रत्नागिरीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दोनदा दाखवली. गाडी फिरवून आणणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोर बाय फोरला एवढा आवाज असतोच. नॉर्मल आहे."

"हा शब्द मला आवडत नाय," सिस्टर मला म्हणाल्या. "मी स्वतः तो पुष्कळ बायकांना सांगितलाय."

ज्येष्ठात वॉरंटी संपली. आषाढात गाडी मोडली.

मी पडवीत होतो. झड लागली होती. खालून इंजिनाचा ओळखीचा आवाज वर येत होता, दुसऱ्या वळणावर आला, आणि 'खाड्' असं काहीतरी फुटल्यासारखं वाजलं. मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. मी छत्री घेऊन धावलो. गाडीची पुढची चाकं शेवाळावर गरगर फिरत होती, मागची मेल्यासारखी होती, आणि गाडी हळूहळू मागे घसरत होती. पऱ्या तांबडालाल होऊन धावत होता. आत अण्णा होते. सिस्टरांनी मला हाताने दूर राहायला सांगितलं. मग मान मागे वळवून, ब्रेकवर तोलत, ती सगळी घाटी त्यांनी गाडी उलटी उतरवली. दोन्ही वळणं उलटी. ओठ मिटलेले. अंगणात आल्यावर चावी फिरवून बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

"चला," अण्णा म्हणाले.

"आज नाय जायचं, अहो."

"चला," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांना वाटलं, विसरली.

सावर्ड्याहून मेकॅनिक चालत खाली आला, चिखलात पाठ टेकून बघून गेला. मागच्या चाकांना जोर पोचवणारा जो गिअरचा गोळा असतो, तो आतून फुटला होता. तुकडे आत फिरले तर मागची चाकं कधीही जाम होतील, म्हणजे चालवायची नाही. तो उघडायला तयार होता, पण म्हणाला, "सिस्टर, मी हात लावला की कंपनी म्हणणार बाहेर उघडलीत, आता आमचा संबंध नाय. इचार करा."

इथून सिस्टर अडकल्या, त्या अडकल्याच. वर्कशॉप म्हणे, गाडी इथे आणा, उघडल्याशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. गाडी उचलून नेणारा ट्रकवाला म्हणे, डांबरी रस्त्यावर आणून द्या, त्या घाटीत माझा ट्रक वळणार नाही. ट्रॅक्टरवाला म्हणे, पाऊस उघडल्यावर बघू, शेवाळावर मी ट्रॅक्टर घालणार नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. आणि गाडी अंगणात होती.

अण्णांना वर कसं न्यायचं? एकदा चौघांनी खुर्चीत बसवून नेलं. अण्णा अंगाने भरलेले. वळणावर एकाचा पाय सरकला, खुर्ची कलली, आणि अण्णा लहान मुलासारखे ओरडले. त्यानंतर खुर्ची दिसली की ते डाव्या हाताने खांब पकडून ठेवायचे. त्यांची लेक मुंबईला होती. एका खोलीत सासरची माणसं, वर दोन पोरं. ती फोनवर रडायची, तर सिस्टरच तिची समजूत घालायच्या.

वाडीत फोनला रेंज नव्हती. म्हणून सिस्टर रोज घाटी चढून माझ्या पडवीत यायच्या. शेजारणीला अण्णांजवळ बसवून यायच्या, त्यामुळे जीव खाली अडकलेला. छत्री मिटून कोपऱ्यात उभी करायच्या आणि कंपनीला फोन लावायच्या. फोनवर आधी गाणं वाजायचं, मग कुणीतरी नवीन पोरगा बोलायचा, मग पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकदा थेट वर्कशॉपचा मॅनेजर सापडला.

"मॅडम, तुमची अडचण मी समजू शकतो. पण गाडी वर्कशॉपला आल्याशिवाय..."

"गाडी येऊ शकत नाय. तुम्ही या."

"तशी पद्धत नाहीये, मॅडम."

"साहेब, मी नर्स होते. पेशंट टेबलावर आल्याशिवाय बघणार नाय असं मी म्हटलं असतं, तर आमचं अर्धं गाव जन्मालाच आलं नसतं."

पलीकडे तो हसला असावा. सिस्टर हसल्या नाहीत. "येताव का?" त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, वरती विचारून सांगतो. वरती म्हणजे कुठे, ते कळलं नाही.

एकदा एका मुलीने फोन घेतला. तिने नियम वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि सिस्टरांनी तिला मध्येच थांबवलं. "बाळा, कितवा महिना?"

"अं? कसला, मॅडम?"

"दर दोन शब्दांनी श्वास घेतेस. सातवा असेल. पाय सुजतात का?"

सुजत होते. सिस्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, रक्तदाब बघून यायला सांगितलं, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. गाडीचं राहूनच गेलं. त्यानंतर ती मुलगीच आपणहून फोन करायला लागली. सिस्टर ठरलेल्या वेळी पडवीत असणार हे तिला माहीत झालं होतं. कंपनीचा फोन म्हणून मी कान टवकारायचो, आणि बोलणं निघायचं लोहाच्या गोळ्यांचं. "मॅडम, मी फक्त नोंद करू शकते हो," ती बिचारी शेवटी दरवेळी म्हणायची. श्रावणात तिचा फोन आला नाही. रजेवर गेली असणार. तिच्या जागी मेसेज आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.

सिस्टरांनी तो मला वाचायला लावला, दोनदा. मग छत्री घेतली आणि खाली निघाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना उतारावरही गप्प पाहिलं.

खाली गेलं की मला कोंडल्यासारखं व्हायचं. चारी बाजूंनी डोंगर, वर ढगांचं झाकण, पऱ्याचा आवाज थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी. अशा घरात ती दोघं. इस्पितळातले व्यायाम सिस्टर स्वतः करून घ्यायला लागल्या, पण अण्णा खाटेवरून उठेनात. रुसलेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग एके सकाळी त्या मला म्हणाल्या, "सर, जमलं! गाडीत बसवते."

झालं होतं असं. अण्णांनी अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवून 'चला'चा घोशा लावला होता. वैतागून सिस्टर म्हणाल्या, "चला तर चला." त्यांना उठवलं, पाय टाकत टाकत गाडीपाशी नेलं, दार उघडायला लावलं, बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. गाडी जागची हलली नाही, पण अण्णा शांत झाले. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तोच कार्यक्रम. पाय उचलून आत घेणं हा एक व्यायाम, वळून बसणं हा दुसरा, उजवा हात गिअरच्या दांडीवर ठेवून बोटं मिटणं हा तिसरा. काचेवर पाऊस, आत ही दोघं. मी एकदा शेवग्याच्या शेंगा द्यायला गेलो, तर सिस्टर स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या गोठ्याकडे बघत अण्णांना सांगत होत्या, "आता सावर्डं आलं. आता चिपळूण. भूक लागली काय? थांबूया?"

"चला," अण्णा म्हणाले, म्हणजे नको.

पाय सुधारला. हात मात्र दिवसेंदिवस घट्ट मिटत चालला. दांडीवरून तो सोडवताना सिस्टरांना एकेक बोट उलगडावं लागायचं. त्यांना ते कळत होतं, नर्स होत्या. माझ्याशी एवढंच बोलल्या, "गाडीची मुदत संपली, तर निदान कुणाला तरी फोन करून भांडता येतं. ह्यांच्या हाताची मुदत चालली आहे, ती कुणाला सांगू?"

भाद्रपदात गणपतीला चाकरमानी आले. वरच्या वाडीतली घरं भरली. कुणीतरी गोष्ट काढली, आणि गौरी गेल्यावर, उघडीप बघून, सातमाशा माझ्याकडे आला. "सर, सिस्टरला सांगा, उद्या गाडी वर काढतो. दोर आमच्याकडं हाय."

सकाळी पोरं घाटी उतरून खाली गेली. त्यांतले निम्मेअधिक आयुष्यात पहिल्यांदाच बौद्धवाडीत पाय ठेवत होते. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. अंगणाच्या कडेला घोळक्याने थांबले. पायाळू सगळ्यांत वडीलधारा, त्याच्याकडे बाकीचे बघत होते. सिस्टर बाहेर आल्या आणि नजर टाकून म्हणाल्या, "उभे काय राहिलाव पाहुण्यासारखे? नाळ्या, तू दोर बांध. सातमाशा पुढं. उशिऱ्या, तू मागं चिरा घेऊन ऱ्हा, आणि आज तरी वेळेवर लाव रं बाबा!" सगळे हसले, आणि सुटले.

सिस्टर स्टिअरिंगवर. काचेतून डोकं बाहेर. "थांबा... श्वास घ्या... आता जोर! जोर! सोडू नका, अजून थोडं... बास. चिरा लावा." गाडी हातभर सरके, मागच्या चाकाला जांभ्याचा चिरा लागे. पुन्हा श्वास, पुन्हा जोर. पहिलं वळण तसंच झालं. बायका फावड्याने शेवाळ खरवडून पुढे राख टाकत होत्या. वरच्या वाडीच्या बायका, खालच्या वाडीच्या बायका, एकीची राख संपली की दुसरीच्या टोपलीतून.

आणि खालून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. अण्णा पडवीच्या खांबाला धरून उभे होते आणि ओरडत होते. त्यांना बसवून, समजावून सिस्टर निघाल्या होत्या. पण गाडी वळणाआड जाताना दिसली आणि त्यांना वाटलं असावं, मला टाकून गेली.

सिस्टरांनी हँडब्रेक ओढला. "दोन्ही चाकांना चिरे लावा. दोर ताणून धरा." उतरल्या आणि घाटीने खाली गेल्या. सगळे दोर धरून उभे. पायाळूच्या हाताला दोराने वळ उठले होते, तरी त्याने हात बदलला नाही. बऱ्याच वेळाने सिस्टर परत आल्या त्या अण्णांना घेऊनच. स्वतःच्या खांद्यावर त्यांचा डावा हात, एक पाऊल, थांबा, एक पाऊल. ज्या घाटीवर अण्णा खुर्चीतूनही यायला तयार नव्हते, तिच्यावर ते पहिल्या वळणापर्यंत चालत आले.

"ह्यांना घेतल्याशिवाय गाडी जाणार नाय," सिस्टर पोरांना म्हणाल्या. "जड होईल."

"बसवा," पायाळू म्हणाला.

अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी डाव्या हाताने काच खाली केली आणि दोर ओढणाऱ्यांकडे बघून, नीट, हुकूम दिल्यासारखं म्हणाले, "चला!" उरलेली घाटी पोरांनी त्यांच्याच शब्दावर ओढली.

मोरीपाशी गाडी आली तेव्हा सगळे रस्त्यावरच आडवे झाले. सिस्टरांच्या शेजारणीने किटली वर आणली. वरच्या वाडीच्या पोरांनी चहा घेतला, मागून घेतला. पायाळूने आपला कप मोरीच्या पाण्यात धुतला आणि परत दिला. सिस्टरांनी ते पाहिलं, आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

ट्रकने गाडी रत्नागिरीला गेली. मागून, मुंबईहून आलेल्या नाळ्याच्या गाडीत, सिस्टर आणि अण्णा. तिथे भाचीकडे राहिल्या. गाडी उघडली, आतल्या गिअरचे दात तुटलेले निघाले, आणि मॅनेजर म्हणाला, "वॉरंटी नाही, त्यामुळे आमच्या हातात काही नाही." सिस्टर म्हणाल्या, "बरं. आम्ही बसतो." आता अण्णा बरोबर होते, खाली परतायची घाई नव्हती. काचेच्या त्या थंडगार दालनात, नव्या गाड्यांच्या मधोमध, चाकांच्या खुर्चीत अण्णा आणि बाकावर सिस्टर, डबा घेऊन. गाडी घ्यायला आलेली माणसं विचारायची, "काय झालं, आजोबा?" अण्णा म्हणायचे, "चला." मग सिस्टर सांगायच्या. आवाज न चढवता, जे झालं तेवढंच. काही दिवसांनी वरतीचं उत्तर आलं. गिअर कंपनी देणार, बसवण्याचं यांनी बघायचं. त्याला कंपनीने सद्भावना असं नाव दिलं होतं. तो शब्द सिस्टर पुढे बरेच दिवस वापरत. भाजीवाल्याने एक मिरची जास्त टाकली तरी, "सद्भावना काय रे?"

भात कापणीला आलं तेव्हा गाडी आली. इस्पितळ पुन्हा सुरू झालं. डॉक्टर मुलीने अण्णांना चालताना पाहून टाळ्या वाजवल्या. मग हात हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि खाली ठेवला. पाय आला होता. हात गेला. सिस्टर तिला म्हणाल्या, "तुझी चूक नाय, बाळा," आणि अण्णांची बाही नीट केली.

पुढच्या मृगाआधी त्यांनी सावर्ड्याला सपाटीवर एक खोली घेतली. पावसाचे चार महिने तिथे, बाकीचे खाली वाडीत. मीही निवृत्त होऊन चिपळूणला आलो. भेटी कमी झाल्या.

मध्यंतरी एसटीने रत्नागिरीला निघालो होतो. महामार्गाचं काम चाललेलं, सावर्ड्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागून बस थांबली. खिडकीतून बघतो तर पुढे रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत फोरबाय उभी. सिस्टर मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. तळहात चाकाच्या मधोमध सपाट टेकवलेला, मान किंचित कलती, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात. थोडं थांबून त्या उठल्या, वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी गेल्या, तिथेही तसंच. चारी चाकं झाली. दुरुस्तीनंतर, चाकं तापत नाहीत ना ते बघायला, त्या दर थोड्या अंतरावर अशा थांबतात, असं मी ऐकून होतो. ते त्या दिवशी दिसलं.

पुढच्या सीटवरून अण्णा आरशात त्यांची फेरी बघत होते. त्या जवळ आल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून एकापेक्षा जास्त होते एवढं नक्की. सिस्टरांनी हात झटकले, उत्तर दिलं, आणि अण्णा अर्ध्या तोंडाने मोठ्याने हसले. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात सिस्टर आत बसल्या, इंडिकेटर लावला, मान वळवून मागे पाहिलं, आणि कडेच्या कच्च्या पट्टीवरून, खडी उडवत, रांगेला बगल देऊन फोरबाय पुढे निघून गेली.

आमची बस अजून तिथेच उभी होती.